लक्ष्मी रोडवरचं गिऱ्हाईक येतं कसं?

मागच्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा वर्षातून एकच दिवस नाही, रोजच गाड्यांशिवाय ठेवायला हवा. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पुणे महापालिका २०२१ पासून दर ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, त्या दिवशी हा पट्टा गाड्यांना बंद असतो आणि लोक चक्क रस्त्याच्या मधून चालतात. पत्रं लिहिणाऱ्यांत दुकानदार जास्त आहेत आणि बरेचसे चिडलेले आहेत. ते मला चांगलं वाटलं, कारण या रस्त्यावर ज्यांचं पोट आहे त्यांनी बोललंच पाहिजे. काही पत्रं लांबीमुळे कापलीत, नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून रागच आला. आमचं साड्यांचं दुकान, मी तिसरी पिढी. आमच्याकडे बस्ता बांधायला सातारा, बारामती, नगरहून माणसं येतात, एका लग्नाची दहा-बारा माणसं, त्यात दोन आज्या असतात, ती काय गाठोडी घेऊन मंडईपर्यंत चालत जाणार? आधीच ऑनलाइनने गिऱ्हाईक नेलं, उरलेलं तुम्ही गाडी बंद करून घालवणार. गाडी दारात येत नाही त्या दुकानात कोण येतं? (साडी व्यापारी, लक्ष्मी रोड)

उत्तर : दादा, राग समजतो. दुकान तुमचं आहे, नुकसान झालं तर ते तुमच्याच गल्ल्यात दिसणार, माझ्या नाही. त्यामुळे नीट बोलूया.

आधी एक विचारते. आज ती बारामतीची गाडी तुमच्या दारात उभी राहते का हो? नाही ना राहत. ड्रायव्हर माणसं उतरवतो, मागचे हॉर्न वाजवायला लागतात, मग तो नारायण पेठेत किंवा मंडईच्या आर्यन-मिसाळ पार्किंगकडे जागा शोधत फिरतो आणि खरेदी झाली की फोन करून त्याला परत बोलवावं लागतं. म्हणजे गिऱ्हाईक आत्ताही चालतंच, फक्त गाड्यांमधून जीव मुठीत धरून चालतं. सकाळी साडेदहा-अकराला कुंटे चौकाच्या आसपास दहा मिनिटं उभं राहून बघा. मालाचा टेम्पो अर्धा रस्ता अडवून उभा असतो, हमाल डोक्यावर गठ्ठा घेऊन लावलेल्या स्कूटरींच्या फटीतून वाट काढत असतो, मागे पीएमपीची बस अडकलेली, फूटपाथवर दुकानाचे पुतळे साडी नेसून उभे, आणि त्यांना वळसा घालायला खाली उतरलेली बाई एका हातात पिशव्या आणि दुसऱ्या हातात पोराचं मनगट घट्ट धरून चालतेय. ही बाई तुमचं गिऱ्हाईक आहे. तिला तुमच्या शोकेसकडे बघायला फुरसतच मिळत नाही कारण तिचे डोळे सगळा वेळ मागून येणाऱ्या गाडीवर असतात.

आणि दुकानांसमोरच्या दुचाक्या कुणाच्या आहेत तेही एकदा बघून घ्या. सकाळी शटर उघडायच्या वेळी लागलेल्या आणि रात्रीपर्यंत न हललेल्या किती आहेत, त्यातल्या तुमच्या आणि शेजारच्यांच्या स्टाफच्या किती. हा टोमणा नाहीये, स्टाफने तरी गाडी लावायची कुठे हा प्रश्न खराच आहे. पण ती जागा गिऱ्हाइकाची आहे असं म्हणताना ती गिऱ्हाइकाला मिळते का हे बघायला हवं.

दुकानदारांचा याबाबतचा अंदाज जगभर चुकतो. इंग्लंडात ब्रिस्टॉलला २००६ मध्ये स्थानिक बाजारपेठेतल्या दुकानदारांना विचारलं होतं की तुमची किती गिऱ्हाइकं कारने येतात, ते म्हणाले ४१ टक्के, मग गिऱ्हाइकांनाच विचारलं तर निघाले २२. अर्ध्याहून जास्त लोक पायी आले होते. पुणं म्हणजे ब्रिस्टॉल नाही हे मला मान्य आहे, म्हणूनच माझी विनंती आहे की हा आकडा तुम्हीच काढा. बिल करताना गल्ल्यावर एकच प्रश्न विचारायचा, कशाने आलात, आणि वहीत रेघ मारायची. लगीनसराईतले पंधरा दिवस आणि साधे पंधरा दिवस. लक्ष्मी रोडवरच्या वीस दुकानांनी हे केलं तर महापालिकेसमोर बोलताना तुमच्या हातात जे असेल ते कुठल्याच कन्सल्टंटकडे नसेल, आणि आकडा माझ्या विरोधात गेला तर तोही मी याच सदरात छापेन.

कोपनहेगनची स्ट्रॉयट ही बाजारपेठेची गल्ली १९६२ मध्ये गाड्यांना बंद केली तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही हेच म्हटलं होतं की धंदा बसेल, आपल्याकडे थंडी-पाऊस, रस्त्यावर हिंडायची आपली पद्धतच नाही. धंदा बसला नाही, आणि आज ती त्या शहरातली सगळ्यात गजबजलेली बाजारपेठ आहे. आपल्याकडे तर हिंडायची पद्धत आहेच की, तुळशीबागेत गाडी जात नाही म्हणून तुळशीबाग कधी ओस पडलीय का?

आणखी एक गोष्ट बदललीय. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून थेट मंडईला येते. पिंपरी-चिंचवडची जी मंडळी पार्किंगच्या धास्तीने पेठेत यायची बंद झाली होती आणि तिकडच्याच मॉलमध्ये कपडे घ्यायला लागली होती, ती आता मंडईला उतरून लक्ष्मी रोडला सहज चालत येऊ शकतात. हे तुमचं गेलेलं गिऱ्हाईक आहे आणि ते परत मिळू शकतं, फक्त स्टेशनपासून तुमच्या दुकानापर्यंतची वाट धड हवी.

आता तुमची बाजू. बस्त्याच्या दोन आज्यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. गाड्या बंद करायच्या तर दोन्ही टोकाच्या चौकात माणसं उतरवायला राखीव जागा हवी, तिथून आत सोडणारी बॅटरीवरची छोटी गाडी हवी, मालाच्या टेम्पोला पहाटे ते सकाळी दहा आणि रात्री दुकानं बंद झाल्यावर मोकळा प्रवेश हवा, आणि हे सगळं पहिल्या दिवसापासून हवं, नंतर बघू असं नाही. मला विचाराल तर खरी भीती गाड्या बंद होण्याची नाहीये, खोदकामाची आहे. ड्रेनेज, केबल, पाण्याची लाइन असं करत रस्ता आठ-आठ महिने उकरून ठेवला तर एखादं दुकान खरंच उठेल. त्यामुळे व्यापारी संघटनेने भांडायचं असेल तर यावर भांडावं की एका वेळी एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच काम काढायचं, ते पूर्ण झाल्याशिवाय पुढचं उकरायचं नाही, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत कुदळ लागता कामा नये. विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्याने अलका चौकात जाते, त्यामुळे गणपतीत तसंही कुणी खोदू शकणार नाही.

प्रश्न : जे.एम. (जंगली महाराज) रोडला आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान, भाड्याचं. नवीन फूटपाथ झाला, बाकं आली, झाडांना कट्टे झाले, आम्हीही खूष होतो. मग ॲग्रीमेंट संपलं आणि मालकाने भाडं असं काही सांगितलं की झेरॉक्स काढून ते कधीच निघणार नाही. आसपास सगळे कॅफे, बूट आणि मोबाईलचे ब्रँड. आम्ही गेलो. रस्ता सुंदर झाला तो कुणासाठी? (आता कोथरूडला दुकान)

उत्तर : सगळ्या पत्रांमध्ये हे पत्र मी जास्त वेळा वाचलं, कारण चालण्याजोगे रस्ते हवेत म्हणणाऱ्या आम्हा लोकांकडे याचं उत्तर बहुतेक वेळा नसतं आणि आम्ही विषय बदलतो.

दुकानं जातात ती फूटपाथमुळेच असं नाही. डेक्कनचं नटराज थिएटर पाडून तिथे मॉल आला किंवा कॅम्पातलं मॅनीज हे पुस्तकाचं दुकान २०१२ मध्ये बंद झालं तेव्हा जे.एम. रोडच्या नव्या फूटपाथचं काम सुरूही झालं नव्हतं, महापालिकेचं पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या डिझाइनची नियमावली दोन्ही २०१६ ची आहेत. पुढची पिढी दुकानात बसायला तयार नसते, जागेची किंमत धंद्याच्या कमाईपेक्षा कितीतरी जास्त होते, वाड्यात भाऊ-भाऊ वाटण्या मागतात, बिल्डर येतो. धंद्यांनाही बदलावं लागतं, चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणं थांबवलं ती अख्ख्या शहराची बातमी झाली होती. पण तुमच्या बाबतीत जे झालं ते वेगळं आहे आणि ते मान्य करायला हवं. सरकारी पैशाने रस्ता चांगला झाला, त्याची किंमत जागामालकाच्या भाड्यात जमा झाली आणि तुम्ही बाहेर पडलात.

पेठेतली कितीतरी जुनी दुकानं अजून टिकून आहेत त्याचं कारण ती पागडीची आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्यांना लागू आहे, त्यात मालकाला वर्षाला ४ टक्क्यांपर्यंतच भाडं वाढवता येतं आणि कारण सिद्ध केल्याशिवाय काढता येत नाही. हे संरक्षण बँकांना, मल्टिनॅशनल कंपन्यांना आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भागभांडवल असलेल्या कंपन्यांना नाही. पण लीव्ह अँड लायसन्सवर बसलेल्या तुमच्यासारख्या छोट्या दुकानदारालाही ते मिळत नाही, मुदत संपली की विषय संपला, आणि मग एकाच जागेसाठी झेरॉक्सवाला आणि बुटांचा ब्रँड समोरासमोर येतात. त्यात कोण जिंकणार हे सांगायला नको.

मग करायचं काय. ज्यांच्या रस्त्याचं काम अजून व्हायचंय त्यांनी ते जाहीर होताच मालकाशी बसून लांब मुदतीचा करार करून घ्या, पाच वर्षं, जमलं तर नऊ, दरवर्षीची वाढ टक्क्यात लिहून, आणि नोंदणी करून. लीव्ह अँड लायसन्स लेखी असणं आणि रजिस्टर करणं कायद्याने बंधनकारकच आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. रस्ता होईपर्यंत मालकालाही भाडेकरू टिकायला हवा असतो, खोदलेल्या रस्त्यावर नवीन कोण येणार, त्यामुळे बोलणी करायची वेळ तीच आहे. फूटपाथ तयार झाल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही.

दुसरं काम महापालिकेचं आहे. तिच्या स्वतःच्या मालकीचे गाळे आहेत, ते जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला देण्याऐवजी त्यातले काही दुरुस्ती, पुस्तकं, शिवणकाम, झेरॉक्स अशा रोजच्या गरजेच्या धंद्यांसाठी वेगळ्या दराने राखून ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या रस्त्यावर नुसती कॉफी आणि बूट मिळतात त्या रस्त्यावर लोक फिरायला येतात पण कामाला येत नाहीत, आणि फिरायला येणारी गर्दी पावसात किंवा परीक्षेच्या दिवसांत गायब होते. चष्म्याची काडी बसवून देणारा, घड्याळाचा सेल बदलून देणारा, साडीला फॉल-पिको करून देणारा असला की त्या रस्त्यावर वर्षभर माणूस असतो.

प्रश्न : माझी आई तुळशीबागेजवळ पथारी लावते, पिना, रबर, बांगड्या. रस्ता सुशोभित करायचं कुणी म्हटलं की आमच्या घरात झोप उडते, कारण त्याचा अर्थ अतिक्रमणची गाडी येणार. चालणाऱ्यांचा हक्क म्हणता तेव्हा आईचा हक्क कुठे जातो? (बी.कॉम. दुसरं वर्ष)

उत्तर : आईचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे बाळा, २०१४ चा पथविक्रेता कायदा. तो घरात सगळ्यांना माहीत असू दे. सर्व्हे पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय आधीपासून बसणाऱ्या विक्रेत्याला उठवता येत नाही. जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल उचलला तर त्याची यादी तिथेच द्यावी लागते, आणि नाशवंत नसलेला माल दंड भरून मागितला की दोन कामाच्या दिवसांत परत करावा लागतो, भाजी-फळं असतील तर त्याच दिवशी. बहुतेक जणी गाडी दिसली की पथारी गुंडाळून पळतात आणि यादी कुणीच मागत नाही. पुढच्या वेळी तू तिथे असशील तर यादी माग, मोबाईलवर फोटो काढ. आईचं प्रमाणपत्र आणि भरलेल्या फीच्या पावत्या यांचे फोटो तुझ्या फोनमध्येही ठेव. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य पथारीवाल्यांमधूनच निवडून आलेले असायला हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. तुमच्या भागाचा प्रतिनिधी कोण आहे ते शोधून त्याला रस्त्याचा नकाशा मागायला लाव.

माझं मत विचारशील तर पथारीवाल्यांशिवाय चालण्याचा रस्ता होतच नाही. रात्री नऊनंतर बाई माणसाला एखादा रस्ता सुरक्षित वाटतो तो दिव्यांमुळे जेवढा, तेवढाच तिथे कुणीतरी ओळखीची बांगडीवाली, भेळवाला बसलेला असतो म्हणून. पण त्याच दमात हेही सांगते की चालायची पट्टी मोकळी राहिलीच पाहिजे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं की किमान १.८ मीटर, आणि बाजारपेठेत त्याहून जास्त. ती पट्टी आधी आखायची, उरलेल्या जागेत झाडं, बाकं, पथाऱ्या, आणि प्रत्येकीची जागा रंगाने आखून नंबर टाकून द्यायची. नंबर असला की हप्ता मागायला येणाऱ्यालाही दहा वेळा विचार करावा लागतो. आणि दुकानाचे पुतळे आणि ‘सेल’चे बोर्ड पथारीवालीच्या आधी उचलले गेले पाहिजेत, त्यांना तर आत अख्खं दुकान आहे.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा, गुडघा बदललेला. नवीन फूटपाथ रुंद आहेत, कौतुक आहे, पण प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. माझ्यासारख्याने त्यापेक्षा डांबरी रस्त्यावरून चाललेलं बरं. (शिवाजीनगर)

उत्तर : काका, तुम्ही दोन ओळींत जे लिहिलंय ते इंजिनिअर लोकांनी रोज वाचावं असं आहे. नियम उलटा आहे. फूटपाथ सपाट राहायला हवा आणि गाडीने त्याच्यावर चढून उतरून आत जायला हवं, म्हणजे चालणाऱ्याचा पाय एकसारखा पडतो आणि गाडीचा वेगही आपोआप कमी होतो. फूटपाथची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण सहा इंच, घरातल्या जिन्याच्या एका पायरीएवढी. आपल्याकडे दरवेळी वरती डांबराचे थर चढतात, मग पाणी दुकानात जाऊ नये म्हणून फूटपाथ आणखी उंच, असं करत तो कट्टाच होऊन बसतो. चौकात क्रॉसिंगसुद्धा फूटपाथच्याच उंचीला आणता येतं, तिथे उतरायचीच गरज पडत नाही.

तुमच्या रोजच्या वाटेवरच्या अशा जागांचे फोटो काढा, शेजारच्या दुकानाचा किंवा विजेच्या खांबाचा नंबर लिहा आणि पीएमसी केअर ॲपवर एकेका जागेची वेगळी तक्रार टाका. सगळं एकत्र लिहिलं की ते ‘धोरणात्मक’ होऊन फाईलमध्ये जातं, एका गेटचा उतार मात्र ठेकेदाराच्या दोष दुरुस्तीची मुदत संपलेली नसेल तर त्याच्याच खर्चाने दुरुस्त करून घेता येतो. हा नुसता सोयीचा प्रश्नही नाही. केंद्र सरकारच्याच आकडेवारीत २०२२ मध्ये देशात ३२ हजारांहून जास्त पायी चालणारे रस्ते अपघातात गेले, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना फूटपाथ चालण्याजोगे आणि अपंगांना वापरता येतील असे करण्याविषयी आदेश दिलेत, हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हणून. तक्रारीत हे एक वाक्य जरूर घाला.

प्रश्न : जे.एम. रोडचा सायकल ट्रॅक कुणासाठी बांधला? त्यावर मी सायकल सोडून सगळं बघितलंय. (डेक्कन)

उत्तर : फूटपाथच्या उंचीवर बांधलेला, मध्येच संपणारा, झाडापाशी वळणारा ट्रॅक सायकलवाला वापरत नाही आणि रिकामी जागा दिसली की तिथे दुचाकी लागते. माझ्या मते या रस्त्यावर तेवढी जागा चालणाऱ्यांना देऊन टाकावी आणि गाड्यांचा वेग असा कमी ठेवावा की सायकल रस्त्यावरूनच नीट चालवता येईल.

प्रश्न : लक्ष्मी रोड बंद केला की त्या सगळ्या गाड्या आमच्या गल्लीत घुसणार. आत्ताच आमच्या वाड्याच्या दाराला गाड्या लावतात, मागच्या महिन्यात सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा चौकात उभी करून त्यांना खुर्चीत उचलून नेलं. दुकानदारांचं आणि फिरणाऱ्यांचं सगळे बोलतात, इथे राहणाऱ्यांचं कोण बोलणार? (नारायण पेठ)

उत्तर : तुमचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. एक रस्ता मोकळा करून त्याचा त्रास शेजारच्या गल्लीत ढकलला तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही. आणि सासरे कसे आहेत आता? बरे असोत.

यातली अडचण खरं तर जुनीच आहे. महापालिकेचं पार्किंग धोरण मार्च २०१८ मध्ये मंजूर झालं, त्यात गर्दीच्या रस्त्यांवर गाडी लावायला तासाप्रमाणे पैसे होते, केवढा विरोध झाला, आणि शहरभर ते कधी लागू झालंच नाही. त्याच वर्षी पुण्यातल्या वाहनांची संख्या माणसांपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या होत्या. पी वन, पी टूच्या पाट्या सम-विषम तारखेला गाडी कुठल्या बाजूला लावायची ते सांगतात, पण ती दिवसभर फुकट का लावायची हे कुणी विचारत नाही. पेठेतल्या मोक्याच्या जागेवर दुकानाला चौरस फुटाला केवढं भाडं आणि तेवढ्याच जागेवर उभ्या गाडीला शून्य, हे मला आजवर पटलेलं नाही.

त्यामुळे क्रम असा हवा की आधी आजूबाजूच्या गल्ल्यांत रहिवाशांना परवाना स्टिकर आणि बाहेरच्या गाडीला मनाई, मग दोन्ही टोकांना पैसे देऊन लावायचं पार्किंग, मग छोट्या बसच्या फेऱ्या (२०२१ मध्ये दहा रुपयांत पेठांत दिवसभर फिरवणारी पुण्यदशम सुरू केली होती, ती कल्पना उत्तम होती), आणि हे सगळं चालू झाल्यावर लक्ष्मी रोड बंद. पहिल्यांदा फक्त शनिवार-रविवार. बंद रस्त्यातही मधली एक पट्टी कायम मोकळी हवी जिथून अँब्युलन्स आणि फायर ब्रिगेडची गाडी थेट जाईल, गाड्या अडवणारे खांब (बोलार्ड) उघडता येणारे हवेत आणि चावी चौकातल्या पोलिसाकडे हवी. कुणी आधी रस्ता बंद करून मग गल्ल्यांचं बघू म्हणालं तर तुम्ही विरोध करा, मी तुमच्या बाजूने लिहीन.

प्रश्न : नोकरीमुळे दिल्लीत असतो. चांदनी चौक नवा झाला तेव्हा बघून खूप अभिमान वाटला होता, आता जाऊन बघा. आपल्याकडे असलं काही टिकतं का? (मूळचा सोलापूरचा)

उत्तर : चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी आहे, आणि नंतर त्यात दुचाक्या घुसतात, बोलार्ड तुटतात, दगड उखडतात अशा तक्रारी सतत येत राहिल्या. कारण सोपं आहे, बांधायला एकदाच बजेट मिळतं आणि रोज उभं राहून बघायला माणूस लागतो. चेन्नईच्या पाँडी बझारला नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंद फूटपाथ झाले आणि जवळ बहुमजली पार्किंगही बांधलं, गाडी लावायला पर्याय दिला की भांडण निम्मं होतं. बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटने २०२० च्या नोव्हेंबरपासून काही महिने फक्त वीकेंडला गाड्या बंद ठेवून बघितल्या, रस्ता आधीच दगडी फरशीचा झालेला होता, त्यामुळे प्रयोगाला नवीन खोदकाम काहीच लागलं नाही. मला पुण्यासाठी ती पद्धत आवडते. माथेरानला आपण सगळे दस्तुरीला गाडी ठेवून चालत जातोच ना, तिथे कुणी दारात गाडी मागत नाही कारण तिथे नियम सगळ्यांना सारखा आहे आणि तो रोज पाळून घेतला जातो.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे काही मित्रमैत्रिणी एफ.सी. रोडला रोज असतो. आंदोलन वगैरे जमणार नाही, पण खरोखर उपयोगाचं काय करू शकतो? (फर्ग्युसन रस्ता)

उत्तर : एक काम आहे आणि ते फार थोडे लोक करतात. पुणे महापालिकेत बऱ्याच वर्षांपासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक असतं, म्हणजे तुमच्या प्रभागात पुढच्या वर्षी कुठलं छोटं काम व्हावं हे तुम्ही लिहून देऊ शकता, अर्ज साधारण पावसाळ्याच्या शेवटी क्षेत्रीय कार्यालयात आणि ऑनलाइन घेतात. मोठा रस्ता त्यात बसत नाही. पण तुटलेला उतार, आंधळ्या माणसासाठीची पिवळी टाइल जी मध्येच खांबाला जाऊन धडकते, क्रॉसिंगचे पुसलेले पट्टे, बस स्टॉपला नसलेलं बाक, हे सगळं बसतं. गुडलक चौकापासून सुरू करा आणि एका बाजूने शेवटपर्यंत चालत जा, दुसऱ्या बाजूने परत या, शक्य असेल तर एखाद्या व्हीलचेअरवरच्या मित्राबरोबर जा, आणि जिथे थांबावं लागलं ती प्रत्येक जागा लिहून काढा. अर्जात जागा नेमकी लिहा, कुठल्या दुकानासमोर, किती फूट, काय हवं. फोटो जोडा. पोच घ्यायला विसरू नका, आणि पुढच्या वर्षीचं बजेट छापून आलं की त्यात तुमचं काम आहे का ते वेबसाइटवर शोधा. नसेल तर पोच घेऊन क्षेत्रीय अधिकाऱ्याला भेटा, आणि मलाही त्या यादीची एक कॉपी पाठवा.